अर्जनवीस जनकाबाईंचं शपथपत्र

तहसील कचेरीच्या भिंतीला लागून पत्र्याचं एक लांबट शेड होतं. त्यात सात टेबलं. सहांवर पुरुष बसत आणि दाराकडच्या सातव्यावर जनकाबाई खिल्लारे. त्या अर्जनवीस होत्या. ज्याला सरकारला काही सांगायचं असतं पण सरकारच्या भाषेत सांगता येत नाही, त्याचं म्हणणं ऐकून ते कागदावर उतरवून द्यायचं, हे त्यांचं काम. हिंगोली जिल्ह्यातल्या त्या तालुक्याच्या गावी एकतीस वर्षं त्यांनी हेच केलं.

साखरा गावच्या एका शेतमजुराची ही लेक. दहावी झाल्यावर मामानं हिंगोलीला नेलं आणि टायपिंगच्या क्लासात घातलं. मिनिटाला तीस शब्दांची परीक्षा पास झाली, चाळीसचीही झाली, पण कारकुनाची नोकरी काही लागली नाही. लग्न झालं पोस्टमन तातेरावांशी. तातेरावांनीच एक जुना मराठी टाइपरायटर मिळवला, बायकोच्या नावानं अर्जनवीसाचा परवाना काढला आणि पहिल्या दिवशी स्वतः टेबल उचलून शेडमध्ये ठेवलं. तातेराव गेले, टाइपरायटर गेला, कॉम्प्युटर आला, मुलगी पुजा नर्स होऊन नांदेडला गेली. जनकाबाईंचं टेबल तिथंच राहिलं.

बाया त्यांच्याकडेच येत. नवऱ्यानं टाकलेली असो, सातबाऱ्यावर नाव न लागलेली विधवा असो, पुरुषासमोर जे बोलता येत नाही ते इथं बोलता येई. जनकाबाई आधी हात मांडीवर ठेवून सगळं ऐकून घेत. मग टाइप करत. मग कागद काढून मोठ्यानं वाचून दाखवत आणि विचारत, ‘‘हे तुमचंच म्हणणं हाय ना?’’ समोरचं माणूस हो म्हणालं, तरच सहीची किंवा अंगठ्याची जागा दाखवत. रोजच्या कामाची एक वही होती; तीत तारीख, कागद कसला, कुणी आणला, एवढं त्या न चुकता लिहीत. परवान्याची अटच होती ती, पण बाकीच्या सहाजणांनी ती कधीच सोडून दिली होती.

एक गोष्ट मात्र त्या आपल्या मनानं करत. लोकांचं बोलणं विस्कळीत असे. त्याला त्या नीट वळण देत, आणि शेवटी एखादं वाक्य स्वतःचं घालून अर्ज पुरा करत. कचेरीतले कारकून कागद बघूनच म्हणत, हा बाईंच्या टेबलावरचा. जनकाबाईंना त्याचा थोडा अभिमान होता.

त्यांच्याकडे नेमानं येणाऱ्यांत विश्वजीत नावाचा एक पत्रकार होता. नदीकाठच्या महादेवाचे पुजारी विष्णुपंत, त्यांचा हा मुलगा. वय तेहेतीस-चौतीस. आधी नांदेडच्या एका दैनिकाचा तालुका वार्ताहर होता. बातमीपेक्षा जाहिराती गोळा करण्यातच दिवस जातो आणि ज्याची जाहिरात त्याच्याविरुद्धची बातमी छापून येत नाही, हे दोन-तीनदा अनुभवल्यावर त्यानं ते काम सोडलं. एक मोबाइल, एक स्टँड, एवढ्यावर ‘काठावरून’ नावाचं स्वतःचं चॅनेल सुरू केलं. टँकर कुठं जातो, घरकुलाची यादी कशी बदलते, कयाधू नदीतली वाळू कोण उपसतो, असले त्याचे विषय. माहिती अधिकाराचे अर्ज टाइप करून घ्यायला तो जनकाबाईंकडे येई. अक्षर फार वाईट होतं त्याचं. अर्ज होईपर्यंत बाकावर बसून लोकांचं बोलणं ऐकत राही, आणि कधी कधी स्वतःचं लिहिलेलं पुढं करून विचारी, ‘‘बाई, हे वाक्य खटकतंय का हो?’’ खटकत असेल तर त्या सांगत.

एका वर्षी डिसेंबरात आखाडा बाळापूरच्या रस्त्यावर शाळेतून घरी चाललेली मिना नावाची नऊ वर्षांची मुलगी वाळूच्या टिप्परखाली सापडली आणि जागीच गेली. कागदोपत्री ‘अज्ञात वाहन’ अशी नोंद झाली. ज्यांनी ते वाहन पाहिलं होतं ते सगळे गप्प झाले. विश्वजीत तीन आठवडे त्या रस्त्यावरच्या वाड्या-वस्त्यांवर हिंडला. टिप्परचा नंबर त्यानं शोधला, वाळूच्या वाहतुकीचा परवाना शोधला, आणि एकाच परवान्यावर एका दिवसात चार खेपा झाल्याचंही कागदानिशी दाखवलं. मिनाची आई त्याच्या कॅमेऱ्यासमोर बोलली. ती रडली नाही. लेकराचं दप्तर कुठं पडलं होतं, चप्पल कुठं होती, एवढंच सांगत राहिली. सगळ्या तालुक्यानं ते पाहिलं.

फेब्रुवारीच्या चौदा तारखेला दुपारी वाळूच्या ठेकेदाराकडे कामाला असणारा रविंद्र जनकाबाईंच्या टेबलाशी आला. हातात वहीच्या कागदावर पेनानं लिहिलेला कच्चा मसुदा होता. तक्रार अर्ज टाइप करायचा होता. एक इसम स्वतःला पत्रकार म्हणवतो, साइटवर येऊन पैशाची मागणी करतो, दिले नाहीत तर बदनामी करीन म्हणतो, असा सगळा मजकूर. इसमाचं नाव आणि घटनेची तारीख या दोन जागा त्यानं मोकळ्या सोडायला सांगितल्या.

काहून, असं जनकाबाईंनी विचारलं. रविंद्र म्हणाला, ते नंतर हातानं भरू, साहेबांनी असंच सांगितलंय.

त्यांच्या मनात काहीतरी टोचलं, नाही असं नाही. पण समोर बाया ताटकळत बसल्या होत्या, उत्पन्नाच्या दाखल्यांची घाई होती, आणि मोकळ्या जागांचे कागद काही पहिल्यांदा येत नव्हते. त्यांनी टाइप केलं. मसुदा ओबडधोबड होता, तो सवयीनं नीट केला. शेवटी आपल्या मनचं एक वाक्य घातलं: ‘सदर इसमामुळे मी व माझे कुटुंब दहशतीच्या छायेखाली जगत आहोत.’ वाचून दाखवू लागल्या तर रविंद्र म्हणाला, राहू द्या मावशी, बराबर असंल. कागद घेऊन तो गेला. जनकाबाईंनी वहीत नोंद केली: तक्रार अर्ज, नाव व तारीख कोरी, रविंद्र.

पुढच्याच आठवड्यात पोलिसांनी विश्वजीतला घरून उचललं. खंडणीचा गुन्हा. त्याचा मोबाइल, लॅपटॉप, कागदांच्या पिशव्या, सगळं जप्त झालं.

तिसऱ्या दिवशी विष्णुपंत शेडमध्ये आले. सत्तरी ओलांडलेला माणूस, खांद्यावर उपरणं, हातात गुन्ह्याच्या नोंदीची नक्कल. जप्त सामानाची यादी मागणारा अर्ज त्यांना करायचा होता. जनकाबाईंनी नक्कल वाचायला घेतली. दुसऱ्याच ओळीला त्यांचा वाचायचा वेग मंदावला. खाली खाली जात त्या शेवटच्या वाक्याशी आल्या. दहशतीच्या छायेखाली जगत आहोत. घटनेची तारीख लिहिली होती अठरा फेब्रुवारी. त्यांनी हा कागद टाइप केला होता चौदाला.

विष्णुपंत वाट पाहत होते. जनकाबाईंनी त्यांचा अर्ज टाइप केला, वाचून दाखवला, त्यांची सही घेतली. दुसरं काहीच त्या बोलल्या नाहीत. म्हातारा आभार मानून गेला, तेव्हा त्यांनी वही उघडून चौदा तारखेची ओळ पाहिली, आणि बोट ठेवून ती पुन्हा वाचली.

अकरा दिवसांनी विश्वजीतला जामीन मिळाला. बाहेर येताच त्यानं उसन्या मोबाइलवर पुन्हा काम सुरू केलं. मग सरकारी कामात अडथळा आणल्याचा दुसरा गुन्हा लागला, आणि जूनमध्ये तडीपारीचा हुकूम निघाला: हिंगोली, परभणी आणि नांदेड या तीन जिल्ह्यांतून एक वर्षासाठी हद्दपार. हुकुमाला दोन गुप्त साक्षीदारांचे जबाब जोडले होते, नावं झाकलेली. दरोडेखोराला आणि गुंडाला लावतात ते कलम बातम्या देणाऱ्या पोराला लागलं. वरच्या कार्यालयात केलेलं अपीलही फेटाळलं गेलं. विश्वजीत वाशिमला गेला. एका सायकल दुकानामागं खोली घेतली, आणि तिथल्या ठाण्यात दर महिन्याला जाऊन आपला पत्ता सांगू लागला.

जनकाबाईंचं जेवण कमी झालं. पुजानं फोनवर ओळखलं आणि खोदून खोदून विचारलं. सगळं ऐकल्यावर तिनं आईला बजावलं, कुणाला एक अक्षर बोलू नकोस. तू टाइप केलंस, गुन्हा केला नाहीस. तुझ्या परवान्याचा विचार कर, एकटी राहतेस त्याचा विचार कर. पुजाचं चुकत होतं असं जनकाबाईंना वाटलं नाही. तरी जुलैच्या एका सोमवारी टेबल बंद ठेवून त्या वाशिमच्या बसमध्ये बसल्या.

विश्वजीत वाळला होता. खोलीत एक चटई, स्टोव्ह, खिडकीत मोबाइलचा स्टँड. महिनाभर एकही बातमी केली नसल्याचं त्यानं सांगितलं. ज्या गावाबद्दल बोलायचं तिथं पाय ठेवता येत नाही, लोक फोन उचलायला घाबरतात, आणि आपण उचलायला लावलाच तर उद्या त्यांच्यामागं पोलीस लागतील. पुण्याच्या एका छोट्या संस्थेनं, जी अशा अडचणीतल्या पत्रकारांना मदत करते, हायकोर्टात वकील दिला होता. तेवढाच आधार.

जनकाबाईंनी त्याला सगळं सांगितलं. मोकळ्या जागा, तारीख, शेवटचं वाक्य. सांगताना त्यांची मान खाली होती. हा आता चिडेल, घराबाहेर काढील, अशी त्यांनी मनाची तयारी केली होती.

विश्वजीतनं आधी स्टोव्हवर चहा ठेवला. मग म्हणाला, ‘‘बाई, हे तुम्ही मला सांगितलंत, ते इथंच राहील. तुमचं नाव माझ्या तोंडून कुणाला कळणार नाही. वकिलालाही नाही. ज्यानं विश्वासानं सांगितलं त्याचं नाव मी आजवर दिलं नाही, स्वतःला वाचवायला तर नाहीच देणार.’’

‘‘पण तुजं वरीस जाऊन राहिलंय ना इथं,’’ जनकाबाई म्हणाल्या.

‘‘जाऊ द्या. पुढं यायचं की नाही, ते तुम्ही ठरवायचं.’’

तो रागावला असता तर बरं झालं असतं, असं परतीच्या बसमध्ये त्यांना वाटत राहिलं.

शपथेवर बोलायचं धाडस त्यांच्यात अजून नव्हतं. पण दुसरं एक काम त्या करू शकत होत्या आणि ते त्यांनी सुरू केलं. वाळूचं, टँकरचं, रस्त्याचं गाऱ्हाणं घेऊन कुणी टेबलाशी आलं की अर्ज झाल्यावर त्या हळूच सांगत, विश्वजीत अजून बातमी करंल. त्याच्यापर्यंत पोचवायचं असंल तर मी पोचवते, तुमचं नाव येणार न्हाई. कुणी उठून जाई, कुणी पुन्हा खाली बसे. जे बसत त्यांचं म्हणणं त्या टाइप करत, कागदांचे फोटो काढत, नाव-गाव ओळखू येईल असा शब्द राहिला का ते दोनदा तपासत आणि वाशिमला पाठवत. या कामाची नोंद त्यांनी वहीत केली नाही. एकतीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांच्या टेबलावरचं काम वहीबाहेर राहिलं. त्यांच्या मनानं आता एक शब्दही मजकुरात जात नव्हता. वाक्य लंगडं असलं तरी जसं आलं तसं.

सप्टेंबरपासून ‘काठावरून’ पुन्हा बोलू लागलं. विश्वजीत वाशिमच्या खोलीत बसून तालुक्याच्या बातम्या देऊ लागला, आणि त्या खऱ्या निघू लागल्या. हे कुठून येतंय, याचा शोध सुरू झाला नसता तरच नवल. शेडमधलं कुणीतरी बोललं असावं. ऑक्टोबरात जनकाबाईंच्या परवान्याचं नूतनीकरण नामंजूर झालं आणि टेबल हलवण्याची नोटीस आली. सातांपैकी एकट्या त्यांनाच. शेजारच्या स्टॅम्पवाल्या हरीशनं नोटीस वाचून परत दिली. पण सामान न्यायच्या दिवशी स्वतःचं काम बंद ठेवून त्यानं त्यांचं टेबल एका बाजूनं उचललं आणि भीमनगरपर्यंत आणून दिलं.

भीमनगरात बुद्धविहाराला लागून समाजमंदिराची एक खोली होती. विहार समितीचे जळबा किल्ली घेऊन आले. इथं बसा, म्हणाले. ही जागा आपल्या लोकांनी वर्गणीतून बांधली, इथून कुणी उठवणार न्हाई. अर्जनवीस म्हणून काम करायला आता मनाई होती, म्हणून जनकाबाईंनी दारावर नुसतं ‘टायपिंग’ असं लिहिलं. पहिल्या आठवड्यात दोन माणसं आली. नंतर हळूहळू बाया पत्ता विचारत येऊ लागल्या.

विष्णुपंतही येत. मुलाच्या अर्जांचं निमित्त असे, पण जास्त करून नुसते बसत. एका दुपारी जनकाबाईंना राहवलं नाही. रविंद्रच्या कागदाचं त्यांनी सांगून टाकलं. म्हाताऱ्यानं उपरण्यानं तोंड पुसलं. तुम्ही नसतं लिहिलं तर दुसऱ्या कुणाकडून लिहून घेतलं असतं, एवढंच ते म्हणाले. साक्ष द्या असं काही त्यांनी म्हटलं नाही. दाराशी जाऊन मात्र ते थांबले आणि विचारलं, ‘‘जून म्हणजे अजून किती महिने हो, बाई?’’

आठ, असं जनकाबाईंनी सांगितलं. त्यानंतर महिन्यातच, नोव्हेंबरच्या अखेरीस, सकाळी देवळाच्या पायऱ्या उतरताना विष्णुपंत कोसळले आणि दवाखान्यात नेईपर्यंत गेले.

आठ वाजता जनकाबाईंना कळलं. त्या थेट खोलीवर गेल्या आणि अर्ज टाइप केला: अर्जदाराचे वडील आज रोजी मयत झाले असून अंत्यविधीसाठी जिल्ह्यात येण्याची परवानगी मिळावी. वाशिमहून विश्वजीतनं सही करून फोटो पाठवला. दहाला त्या अर्ज घेऊन तडीपारीचा हुकूम काढणाऱ्या कार्यालयात हजर. साहेब जिल्ह्याच्या बैठकीला गेले होते. आल्यावर बघू, कारकून म्हणाला. जनकाबाई बाकावर बसल्या. अकरा वाजले, बारा वाजले. त्यांनी दोनदा उठून विचारलं. तिसऱ्यांदा विचारल्यावर कारकुनालाच लाज वाटली आणि त्यानं फोन लावला. दीड वाजता परवानगी निघाली. दुपारी तीन ते सायंकाळी सहा, पोलीस बंदोबस्तात.

विश्वजीत पोचला तेव्हा चार वाजून गेले होते. सकाळपासून देह अंगणात ठेवलेला. भाऊबंदांत कुजबूज सुरू झाली होती, किती वेळ ठेवायचं, पुतण्या श्रेयस अग्नी देईल. विष्णुपंतांची बायको वासंती भिंतीला टेकून बसली होती. तिनं दिवसभरात एवढंच म्हटलं होतं, की माझा मुलगा येईपर्यंत कुणी हात लावायचा नाही.

अग्नी दिला तेव्हा सूर्य नदीपलीकडं गेला होता. चिता अजून जळत असताना बरोबरचा हवालदार विश्वजीतच्या जवळ आला. माणूस वाईट नव्हता. आवाज खाली ठेवूनच त्यानं निघायला हवं म्हणून सांगितलं. घरी जाऊन आईजवळ पाच मिनिटं बसण्याइतकाही वेळ उरला नव्हता. वासंती नदीवर आली नव्हती. तिला रस्त्यापर्यंत आणलं, आणि कडेला गाडी थांबवून पोलिसांनी भेट घेऊ दिली. तिनं मुलाचा ओला सदरा दोन्ही हातांनी धरला होता. हवालदार तोंड वळवून उभा राहिला. मग तिनंच सदरा सोडला.

जनकाबाई चार पावलांवर होत्या. घरी येऊन त्यांनी चूल पेटवली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी संभाजीनगरला विश्वजीतच्या वकिलाला, अनुश्रीला, फोन केला. अनुश्रीनं सगळं ऐकून घेतलं आणि मग काहीही न लपवता सांगितलं: अशा याचिकेत नवा पुरावा कोर्ट घेईलच असं नाही, तुम्हालाच खोट्या तक्रारीत सामील ठरवण्याचा प्रयत्न होईल, ठाण्यात बोलावतील, बसवून ठेवतील, कॉम्प्युटर घेऊन जातील. जनकाबाईंनी विचारलं, कॉम्प्युटर नेण्याआधी काय काय करून ठेवायचं? अनुश्रीनं सांगितलं तसं त्यांनी केलं. चौदा तारखेला टाइप केलेल्या तक्रारीच्या फाइलची प्रत काढून दिली, आणि नोंदवही स्वतः संभाजीनगरला नेऊन तिच्या हातात ठेवली.

पुजा रजा घेऊन आली होती. सुरुवातीला रागानंच आली होती ती. समाजमंदिराच्या खोलीत आई शपथपत्र टाइप करत असताना ती मागं बसून राहिली. ‘मी, जनकाबाई तातेराव खिल्लारे, वय अठ्ठावन्न वर्षे’, एवढं लिहून जनकाबाईंची बोटं थांबली. हजारो माणसांचं ‘मी’ त्यांनी लिहिलं होतं. स्वतःचं लिहायची ही पहिलीच वेळ. नंतर मात्र अडल्या नाहीत. चौदा तारीख, मोकळ्या जागा, रविंद्रचं नाव. शेवटच्या परिच्छेदात त्यांनी लिहिलं, की तक्रारीतले अखेरचे वाक्य तक्रारदाराचे नसून माझ्या पदरचे आहे, व ते लिहिल्याचा मला खेद आहे. हे शेवटचं कोर्टाला लागत नाही, असं अनुश्रीनं नंतर सुचवून पाहिलं. जनकाबाईंनी ते काढू दिलं नाही.

कागद हातात घेऊन त्यांनी मोठ्यानं वाचला. ऐकायला पुजाच होती. वाचून झाल्यावर पुजा म्हणाली, ‘‘बराबर हाय, आई,’’ आणि उठून तिनं पेनाची टोपी काढून पेन आईच्या हातात दिलं.

शपथपत्र दाखल झाल्यावर चौथ्या दिवशी रविंद्र खोलीवर आला. जनकाबाईंना वाटलं, धमकी द्यायला आला. तो उंबऱ्याबाहेरच उभा राहिला.

‘‘मावशी, माजं नाव काहून घातलं? मला बी लेकरं हायत. मी सांगकाम्या माणूस.’’

‘‘मी बी तेच म्हनत व्हते इतके दिवस,’’ जनकाबाई म्हणाल्या. ‘‘सांगितलं ते लिहिलं. तुला सांगितलं ते तू आनलं. अन् पोराच्या बापाला कोनी पोचवलं नदीवर?’’

रविंद्र उंबऱ्यावरूनच माघारी गेला. पुढं तो कामासाठी पुण्याकडं गेल्याचं कळलं.

अनुश्रीनं सांगितलं होतं ते सगळं झालं. तीन वेळा ठाण्यात बोलावलं, तिन्ही वेळा सकाळपासून तासचे तास बाकावर बसवलं. प्रश्न तेच, उत्तरंही तीच. कॉम्प्युटर जप्त झाला. दुसऱ्या खेपेला जळबा आणि विहारातल्या पाच-सहा बाया बरोबर गेल्या आणि ठाण्याच्या आवारात बसून राहिल्या. त्यांनी घोषणा दिल्या नाहीत की काही नाही, नुसत्या बसल्या. त्या दिवशी जनकाबाईंना तीनलाच सोडलं.

फेब्रुवारीत हायकोर्टानं तडीपारीचा हुकूम रद्द केला. निकालात शपथपत्राचा उल्लेख दोनच ओळींचा होता: मूळ तक्रारीच्या खरेपणाबद्दल गंभीर शंका उत्पन्न होते, तिचा निवाडा खालच्या न्यायालयानं करावा. जास्त भर होता तो गुप्त साक्षीदारांच्या जबाबांवर. दोन वेगळ्या माणसांचे म्हणून जोडलेले ते जबाब शब्दन्‌शब्द एकच होते, चुकांसकट. वर्षाचे चार महिने उरले असताना विश्वजीत घरी आला. वडिलांच्या खोलीत कुणी काही हलवलं नव्हतं. पहिले आठ दिवस तो आईजवळून उठला नाही.

मग तो समाजमंदिराच्या खोलीवर आला. बाकावर बसला. आपल्या चॅनेलवर जनकाबाईंबद्दल सांगावं असं त्याच्या मनात होतं. त्यांनी नकार दिला. खंडणीचा खटला चालू आहे, त्यात मी साक्षीदार आहे. आता माझी आरती केलीस तर उद्या साक्षीची किंमत जाईल. त्याला ते पटलं.

खटला अजून चालूच आहे. गेल्या वर्षी जनकाबाईंची साक्ष झाली. उलटतपासणीत समोरच्या वकिलानं दोन तास त्यांना उभं ठेवलं. परवाना गेल्याचा राग आहे का, संस्थेनं काय दिलं, वहीतली ओळ मागाहून घातली का, सगळं विचारून झालं. शेवटी त्यानं विचारलं, आरोपी तुमच्या जातीचा नाही, नात्याचा नाही, मग तुम्ही एवढं करण्याचं कारण काय?

‘‘त्याच्यावरचा खोटा कागद माज्या हातचा हाय,’’ जनकाबाई म्हणाल्या. ‘‘दुसरं कारन न्हाई.’’

कोर्टाच्या टायपिस्टनं ते लिहून घेतलं. निकाल केव्हा लागेल ते कुणाला सांगता येत नाही. मिनाच्या मृत्यूची फाइल पुन्हा उघडली गेली, आणि ‘अज्ञात वाहना’च्या जागी टिप्परचा नंबर आला, पुढच्या तारखा पडत आहेत, आणि तिची आई प्रत्येक तारखेला जाते. जनकाबाईंचा परवाना काही परत मिळाला नाही. शेडमध्ये त्यांच्या जागी आता झेरॉक्सचं मशीन आहे.

खोलीवर मात्र वेगळीच माणसं येऊ लागली आहेत. गेल्या महिन्यात जवळा बाजार या गावाहून करुणा नावाची एक मुलगी आली. कापूस खरेदीतल्या मापाच्या लबाडीबद्दल तिनं आपल्या चॅनेलवर दाखवलं होतं आणि तिला वकिलाची नोटीस आली होती. कुणीतरी तिला जनकाबाईंचं नाव सांगितलं होतं. तिनं नोटीस पुढं केली. जनकाबाईंनी आधी तिला पाणी दिलं. घरी कोण कोण आहे, मोबाइलमधलं चित्रण दुसरीकडं ठेवलंय का, ज्यांनी माहिती दिली त्यांची नावं कागदावर कुठं लिहिली आहेत का, हे एकेक विचारलं. नावं वहीत होती. ती वही आजच घरातून हलवायला त्यांनी सांगितलं, आणि अनुश्रीचा नंबर लिहून दिला.

मग त्यांनी नोटीस डोळ्यांजवळ धरली आणि पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली.